पहिला डीएसएलआर: बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली हवी

पेडण्याहून म्हापशाला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. बाबांनी कॅमेऱ्यासाठी पन्नास हजारांपर्यंत तयारी दाखवली आहे. गावातले दशावतार, शिगम्याचे (होळीच्या सणाचे) रोमटामेळ म्हणजे ढोलांच्या मिरवणुका, घरची चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आणि जमलेच तर पक्षी, असे फोटो तिला काढायचे आहेत. दुकानदार म्हणतो, कॅनन १५००डीचा दोन लेन्सवाला संच घे. वर्गातला एक मित्र निकॉन डी३५०० सुचवतो, दुसरा म्हणतो डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे, दिवस संपले, आरसा नसलेला मिररलेसच घे. शिवाय आपल्याकडच्या पावसात कॅमेरा टिकेल का, ही धास्ती आहेच.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. वापरलेली पण सुस्थितीतली निकॉन डी७२०० घे. कॅननच आवडत असेल तर ८०डी, ती थोडी महाग पडेल. तिच्याबरोबर साधी १८-५५ एमएमची झूम लेन्स आणि एफ १.८ ची एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. उरलेल्या पैशांत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. लांबचे जवळ आणणारी टेली लेन्स या वर्षी नको. जुन्या वस्तूवर बाबांचा विश्वास बसत नसेल तर नवी १५००डी घ्यायला हरकत नाही, पण दोन लेन्सच्या संचाऐवजी एका लेन्सचा संच घे आणि वाचलेल्या पैशांत ५० एमएमची प्राइम.

आता कारणे. तुझी यादी पुन्हा वाचून बघ. दशावतार उभा राहतो तोच रात्री उशिरा. शिगम्याची मिरवणूक रंगात येते तेव्हा दिवस मावळलेला असतो. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळा-फुलांनी सजवलेली चौकट, घरातल्या आतल्या खोलीत, समईच्या आणि एखाद्या ट्यूबच्या उजेडात. पक्षी सोडले तर तुझे जवळजवळ सगळे विषय कमी उजेडातले आहेत. दुकानात मात्र कॅमेरा दाखवतात तो भरपूर दिव्यांखाली, आणि तिथे कुठल्याही कॅमेऱ्याचे फोटो छानच येतात.

लेन्सवर एफ ३.५-५.६ किंवा एफ १.८ असे जे लिहिलेले असते, तो आकडा लेन्सचे छिद्र जास्तीत जास्त किती उघडते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. संचात येणारी १८-५५ लेन्स झूम करत ५५ पर्यंत नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० एमएमची प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. आत येणारा उजेड छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हा फरक जवळजवळ दहा पटींचा होतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, कितीही महागाची घेतलीस तरी एवढा फरक तिच्यातून मिळणार नाही. ही लेन्स कॅननची नवी घेतली तर साधारण दहा हजारांच्या आसपास येते.

हे दशावताराच्या प्रयोगात कसे दिसते बघ. देवळाच्या प्रांगणातला मंच, वर दोन-चार दिवे, राजा तलवार उपसून गिरकी घेतो आहे. किट लेन्स, म्हणजे संचातली १८-५५, ५५ वर, एफ ५.६, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत चढवलेला, तरी शटर स्पीड जेमतेम १/६० सेकंद मिळतो. गिरकीत हात, तलवार आणि शेला सगळे पुसट. तिथेच उभी राहून एफ १.८ लाव. शटर १/२०० वर जातो, आयएसओ २००० च्या आसपास उतरतो. राजाचा चेहरा स्वच्छ येतो, रंगरंगोटीतल्या रेघाही दिसतात. जागा तीच, दिवे तेच, बॉडी तीच.

दशावतारासाठी दोन गोष्टी आणखी सांगतो, कारण या कुठल्याच माहितीपत्रकात नसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर खूप वेगवान ठेवला तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात किंवा एका फोटोत रंग पिवळा आणि लगेच पुढच्यात हिरवट. असे दिसले की शटर १/१०० वर आण आणि नट क्षणभर थबकतो ती वेळ साध. भाषणाच्या शेवटी, पखवाजाच्या समेवर तो थबकतोच. दुसरे म्हणजे संकासुर, दशावतारातला राक्षस. तो नखशिखांत काळा. कॅमेरा काळ्या कपड्याला करडा समजून अख्खा फोटो उजळ करतो आणि शेजारच्या नटाचा चेहरा पांढराफटक होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एकवर नेलेस की काळा काळाच राहतो.

फ्लॅश मारू नकोस. कॅमेऱ्यावर उघडणारा छोटा फ्लॅश किट लेन्सबरोबर दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, आणि अंधारातून अचानक डोळ्यांवर लखलखाट आला की नटाचे लक्ष उडते. ते लोक रात्रभर आपल्यासाठी उभे असतात. प्रयोगाआधी रंगपटात जाऊन मालकांना विचारून घे. तोंडाला रंग लावत बसलेल्या नटाचे फोटो मंचावरच्यापेक्षा सरस मिळतात, पण विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. देवळांतही तसेच. गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, समितीला विचार.

किट लेन्सला लोक उगाच नावे ठेवतात. माटोळीसाठी तीच लागेल. प्राइमच्या ५० मध्ये माटोळीचा जेमतेम एक कोपरा मावतो, कारण या कॅमेऱ्यांचे फोटो टिपणारे सेन्सर लहान असल्याने निकॉनवर ५० ची लेन्स ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी वागते. खोलीत मागे सरकायला जागा नसते. १८ वर ये, भिंतीला पाठ टेक, खाली बस. वरून लोंबणारे सुपारीचे कातरे, नारळांचा घड, आंबाडे, तोरिंजन, रानातून आणलेली हरणां नि कांगलां, आणि खाली गणपती, सगळे एका चौकटीत येते. माटोळी हलत नाही, म्हणून इथे शटर १/८ चालतो. लेन्सवर निकॉनमध्ये व्हीआर किंवा कॅननमध्ये आयएस असे लिहिलेले असेल तर ती हाताची थरथर सावरून घेते. मात्र गिरकी घेणारा राजा ती थांबवू शकत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेव. स्टॅबिलायझेशन आहे म्हणजे अंधारात चालेल, असे दुकानात सर्रास सांगतात. ते हलणाऱ्या माणसाला लागू पडत नाही.

प्राइम ३५ ची घ्यावी की ५० ची? मंचाखाली पहिल्या-दुसऱ्या रांगेत जागा मिळत असेल तर ५०. घरातली माणसे, स्वयंपाकघर, गर्दीतला रोमटामेळ जास्त काढणार असशील तर ३५. निकॉनची डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, ३५ एमएम एफ १.८ ही फार गुणी लेन्स आहे. तुझ्यासाठी मी दशावतार पुढे धरून ५० म्हणेन.

आता बॉडी. १५००डी वाईट नाही. २०१८ चे मॉडेल, २४ मेगापिक्सेल, दिवसाउजेडी फोटो उत्तम. पण तिच्यात फोकसचे बिंदू ९ आणि त्यांतला मधला एकच खरा भरवशाचा. बोटाने फिरवायचे चाक एकच, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) लहान आणि प्रत्यक्ष फोटोच्या ९५ टक्केच दाखवणारा. डी७२०० आणि ८०डी वरच्या वर्गातल्या आहेत. एकीत फोकसचे ५१ बिंदू, दुसरीत ४५, मंद उजेडात फोकस लवकर पकडतात, व्ह्यूफाइंडर १०० टक्के दाखवतो, आणि दोन चाके आहेत. दोन चाकांचे महत्त्व अंधारात कळते. एका बोटाने ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), दुसऱ्याने शटर, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेलाच. एक चाक असले की मधेच बटण दाबून धरावे लागते, तेवढ्यात प्रसंग निघून जातो.

डी७२०० कडे माझा ओढा असण्याचे आणखी एक कारण आहे. निकॉनच्या स्वस्त बॉडींमध्ये, म्हणजे डी३५०० आणि डी५६०० मध्ये, फोकसची मोटर बॉडीत नसते. त्यांवर निकॉनची जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. डी७२०० मध्ये मोटर आहे, त्यामुळे जुन्या बाजारातली ५० एमएम एफ १.८ डी लेन्स स्वस्तात पडते आणि झकास चालते. तुझ्या मित्राने सुचवलेली डी३५०० हलकी, सुटसुटीत, एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीप्रमाणे १५५० फोटो काढणारी. पण तिचे उत्पादन बंद झाले आहे. वापरलेलीच घ्यायची तर मग डी७२०० का नको?

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नकोस. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० बिंदू. आम्ही लग्नाच्या कामात १२ बाय १८ इंचाची प्रिंट करतो तिला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० बिंदू धरून, ५४०० बाय ३६०० पुरतात.

मिररलेसचा मुद्दा खरा आहे, त्याला डावलत नाही. कॅननने आर आणि निकॉनने झेड मालिका २०१८ मध्ये आणली, आणि २०२० नंतर या दोघांकडूनही नवा डीएसएलआर आलेला नाही. पुढचे सगळे संशोधन मिररलेसमध्येच होणार. पैसे लाखाच्या घरात असते तर मी तुला तिकडेच पाठवले असते. पन्नास हजारांत मात्र मिररलेसची सर्वात खालची बॉडी येते, एकच किट लेन्स येते आणि पैसे संपतात. ती लेन्स अंधारात आणखी लंगडी, कारण त्या छोट्या झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ६.३ वर जातात. बॅटरीही एका चार्जमध्ये तीन-चारशे फोटोंच्या आसपासच. उलट लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे चांगल्या डीएसएलआर बॉडी आणि लेन्स आज पूर्वी कधी नव्हत्या इतक्या स्वस्तात बाजारात येताहेत. शिकणाऱ्यासाठी ही पर्वणीच आहे. पुढे मिररलेस घेतलास तरी लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर व्यवस्थित चालतात. निकॉनच्या स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अडॅप्टरवर झेडला चालतात, फक्त वर सांगितलेल्या एएफ-डी लेन्सचा फोकस तिथे आपोआप होत नाही. म्हणून जमले तर ५० ची एएफ-एसच शोध.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलीस की सलीम अली पक्षी अभयारण्य लागते, आणि तिकडे खारफुटीत खंड्या हाताच्या अंतरावर असल्यासारखे वाटतात. फोटोत ते ठिपक्याएवढे येतात. ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्सने बगळे, ढोकरी, तारेवरचे वेडे राघू चांगले मिळतील, पण करमळीच्या तळ्यातल्या दूरच्या बदकांना ३०० सुद्धा अपुरी पडते. दहा-पंधरा हजार त्या लेन्सवर आता घालण्यापेक्षा वर्षभर दशावतार आणि शिगमो काढ. तोवर पक्ष्यांची ओढ टिकली तर वापरलेली ७०-३०० सहज मिळेल.

जुनी बॉडी घेताना डोळे उघडे ठेवून घे. सोबत स्वतःचे रिकामे कार्ड आणि एक बारीक टॉर्च ने. लेन्स कॅमेऱ्यावरून काढ, छिद्र पूर्ण उघडे असल्याची खात्री कर, मागून टॉर्च मार आणि पुढून तिरकी बघ. धुळीचे चार कण दिसतील, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या फुटलेले पांढरट डाग दिसले तर ती बुरशी. विकणारा म्हणेल, फोटोत येत नाही. आज येत नसेल. बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, आणि एकदा लेप गेला की साफ करूनही तो परत येत नाही. गोव्यात आणि एकूणच किनारपट्टीवर वापरलेल्या लेन्समध्ये हा दोष इतका आढळतो की ही एक तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

मग बॉडी. ॲपर्चर एफ १६ करून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते. तेलकट वर्तुळे किंवा ओरखडे असतील तर सोडून दे. शटर किती वेळा उघडला आहे ते निकॉनमध्ये सोपे, तिथेच काढलेल्या जेपेग फोटोच्या फाइलीत लिहिलेल्या एक्झिफ माहितीत तो आकडा असतो. कॅननच्या बहुतेक बॉडी तो फोटोत लिहीत नाहीत, त्यासाठी केबल आणि सॉफ्टवेअर लागते. डी७२०० च्या शटरची चाचणी कंपनीने दीड लाख वेळांसाठी केलेली आहे. तीस-चाळीस हजार झालेली बॉडी निश्चिंत घे. लाखाच्या पुढे गेलेली असेल तर किंमत त्या मानाने उतरायला हवी. लग्नवाल्यांची बॉडी जास्त फिरलेली असते, हौशी माणसाची कमी, पण हौशी माणसाची कपाटात पडून राहिलेली असते, तिच्यात बुरशी शोध. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर बॉडी आधी उघडलेली आहे. बॅटरी मूळ कंपनीची आहे का बघ, आणि एकेक बटण, दोन्ही चाके, कार्डाचा दरवाजा हाताने चालवून बघ. मूळ बिलाची प्रत माग.

आता पावसाळा. तुझी भीती रास्त आहे, फक्त पावसाच्या थेंबांपेक्षा घरातली ओल जास्त घातक. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. बुरशीला साठ-पासष्ट टक्क्यांवर वाढायला बळ मिळते. म्हणजे कॅमेरा नुसता कपाटात ठेवलास तरी ती धरणार. कॅमेऱ्याची बॅग तर त्याहून वाईट, आतला फोम ओल धरून ठेवतो. बॅग ने-आण करण्यापुरतीच.

घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा घे. आत सिलिका जेलची पाव-अर्धा किलो पुडी आणि आर्द्रतामापक ठेव. काटा चाळीस ते पन्नासच्या मधे असावा. तीसच्या खाली फार दिवस ठेवू नकोस, रबर आणि आतले वंगण सुकते. निळे जेल गुलाबी झाले की ओल पिऊन भरले असे समज. ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर मंद आचेवर परतलेस की पुन्हा निळे होते. तांदळात कॅमेरा ठेव म्हणून कोणी सांगेल. ठेवू नकोस, तांदळाची पूड बटणांच्या फटीत शिरते. डांबरगोळ्या आणि कापूरही डब्यात नकोत, त्यांच्या वाफेचा थर काचेवर बसतो. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापर, लेन्स फिरव, फोटो काढ.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर दमट हवेत नेलास तर लेन्सवर दव साचते. निघण्यापूर्वी अर्धा तास बॅग बंदच ठेवून बाहेरच्या हवेत असू दे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर गेलीस तर तिथे लेन्स बदलू नकोस, वाळूचा एक कण आत गेला तरी पुरे. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडव, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पूस, मग कोरड्याने. मीठ पुसल्याशिवाय डब्यात टाकायचे नाही. पावसात मिरवणूक काढायची तर दुधाच्या पिशवीसारखी जाड पारदर्शक पिशवी, एका टोकाला लेन्सपुरते भोक आणि रबरबँड. त्यावर काम भागते.

सुरुवातीला सेटिंग्जच्या जंगलात शिरू नकोस. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तू ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ऑटो, त्यात कमीत कमी शटर १/१२५ ठरवून दे, कमाल आयएसओ ६४००. फोकसचा मधला एकच बिंदू. फोटो रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्हीत. रॉ असला की ट्यूबमुळे आलेला हिरवा रंग नंतर सुधारता येतो. कार्ड एकच १२८ जीबीचे घेण्यापेक्षा ३२ ची दोन घे, नावाजलेल्या कंपनीची आणि बिलासकट. बाजारात नकली कार्डे खूप आहेत आणि ती नेमकी भरत आली की फोटो गिळतात. यूव्ही फिल्टर, साफसफाईचा संच, छोटा ट्रायपॉड असे काही फुकट म्हणून देतील, त्यावर निर्णय फिरवू नकोस. त्याऐवजी मूळ बॅटरी आणखी एक माग.

घ्यायचा केव्हा, हे तू विचारले नाहीस, पण सांगतो. दशावताराचा हंगाम दिवाळीनंतरच्या जत्रांपासून लागतो आणि लग्नांचाही त्याच सुमारास. त्याआधी बरेच फोटोग्राफर नवी बॉडी घेऊन जुनी विकायला काढतात, आणि दुकानांतही दसरा-दिवाळीच्या सवलती असतात. चवथीपासून चौकशी सुरू कर, नवरात्रीपर्यंत व्यवहार उरक. मग दिवाळीच्या आदल्या, नरकासुरांच्या रात्री गावात फिरून एफ १.८ वर हात बसव. तिथे ढोलवाले असतात, धावपळ असते, उजेड जेमतेम असतो आणि फोटो काढलेले कोणाला खटकत नाहीत. जत्रा लागेपर्यंत बोटे चाकांवर न बघता फिरायला लागतील.